वरच्या खोलीची हरकत

घरपट्टीवाढीची नोटीस ग्रंथपालांच्या आधी त्यांच्या पत्नीच्या हाती पडली, इथेच पहिली गडबड झाली. ग्रंथपालांनी ती आधी पाहिली असती तर एखाद्या पुस्तकात खूण म्हणून ठेवली असती आणि घरात काही काळ शांतता नांदली असती. बाईंनी मात्र ती दारात उभ्या उभ्या वाचली, मग चष्मा लावून वाचली, मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून वाचली, आणि जिन्याखाली येऊन वर हाक मारली.

"अहो, खाली या. तुमच्या खोलीबद्दल बोलायचंय."

ग्रंथपालांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गल्ली त्यांना अजून ग्रंथपालच म्हणायची. वरच्या मजल्यावरची एकुलती एक खोली ही त्यांची उरलेली नोकरी होती. तिथे भिंतींना भिंती अशा दिसतच नव्हत्या, पुस्तकंच होती. सकाळचा चहा झाला की ते वर जात आणि एखाद्या पुस्तकाची जागा बदलत. दुपारी ते पुन्हा पहिल्या जागी ठेवत. हे काम संपण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांना ते फार आवडे.

बाईंचं म्हणणं थोडक्यात असं होतं. घरपट्टी दुपटीच्या वर जाणार. पेन्शन आहे तेवढीच राहणार. घरात कमावण्याजोगी वस्तू आता एकच, वरची खोली. तिला बाहेरून जिना आहे, दोन्ही बाजूंनी खिडक्या आहेत, एखादा सरळ माणूस भाडेकरू म्हणून सहज मिळेल. पुस्तकांसाठी रद्दीवाल्याशी बोलून झालं होतं. तो वजनावर घेणार होता आणि उचलायला स्वतः येणार होता.

हे सगळं त्या अगदी शांतपणे बोलल्या, आणि धोका तिथेच होता. चाळीस वर्षांच्या संसारात ग्रंथपालांना एवढं कळलं होतं की रागावलेल्या बायकोचा राग उतरतो. पण मांडलेला हिशेब उतरत नाही.

"हरकतींच्या सुनावणीत वाढ रद्द झाली तर मी खोलीचं नाव काढणार नाही," बाई म्हणाल्या. "नाही झाली, तर पुढच्या महिन्यापासून भाडेकरू. तोवर तुम्ही काय करायचं ते करा."

आता ग्रंथपालांनी आयुष्यात कधी काही केलं नव्हतं, हे इथे सांगून टाकलेलं बरं. वाचलं पुष्कळ होतं. पण दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तर ते त्याला सांगण्याऐवजी दुकान बदलत. गल्लीतल्या बैठकीत ते कायम दाराजवळ बसत, म्हणजे उठून जाताना कुणाला गुडघे आवरावे लागू नयेत. असा माणूस नगरपालिकेविरुद्ध हरकत नोंदवायला निघाला होता.

प्रकरण असं होतं की गाव वाढत होतं. मोठ्या रस्त्यापलीकडे पूर्वी लाकडाच्या वखारी होत्या, तिथे आता उंचच उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या कपाळावर रात्रभर नावं चमकत. पूर्वी गावात पाणी होतं आणि इमारती नव्हत्या. आता इमारती होत्या. तेव्हा नगरपालिकेने नवी जलवाहिनी, मोठी टाकी आणि रुंद रस्ता करायचं ठरवलं. पैसे आणायचे कुठून, तर खिसे दोनच. एक बिल्डरांचा, ज्यातून विकास शुल्क येतं, आणि दुसरा जुन्या रहिवाशांचा, ज्यातून घरपट्टी येते. विकास शुल्काचा दर फार जुना होता. तो ठरला तेव्हा गावातली सर्वांत उंच वस्तू म्हणजे अग्निशामक दलाची शिडी होती. तो दर बदलायचा म्हणजे बिल्डरांशी बोलणं आलं, आणि बिल्डर फार कामात असत. रहिवासी घरीच असत. नगरपालिकेने जवळच्या खिशात हात घातला.

ग्रंथपालांनी हरकत लिहायला घेतली. पहिला खर्डा प्राचीन काळी कर कसा सुरू झाला तिथून निघाला आणि मजल दरमजल करत जवळजवळ आपल्या काळापर्यंत पोचला. तो त्यांनी बाईंना वाचायला दिला. बाईंनी पानं उलटत विचारलं, यात आपण कुठे आहोत? ग्रंथपाल म्हणाले, शेवटी येतो. बाईंनी कागद परत केले आणि सांगितलं, जे खरं आहे तेवढंच लिहा, त्यांना काय परीक्षेला बसायचंय?

मग त्यांनी खरं तेवढंच लिहिलं. ते असं होतं: "माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. तिच्यात माझी पुस्तके आहेत. घरपट्टी वाढल्यास माझी पत्नी ती खोली भाड्याने देणार आहे, आणि तिचे म्हणणे बरोबर आहे. नवी जलवाहिनी नव्या इमारतींसाठी लागते आहे. तरी तिचा खर्च त्या इमारती बांधणाऱ्यांकडून घ्यावा, ही नम्र विनंती."

हा कागद घेऊन ते नगरपालिकेत गेले. पहिल्या खिडकीवर कळलं की इथे फक्त जन्म आणि मृत्यू घेतात. दुसऱ्या खिडकीवरच्या माणसाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि तीन प्रती लागतील म्हणून सांगितलं. तीन का, असं विचारावं असं ग्रंथपालांना वाटलं, पण मागे रांग होती, आणि रांगेत आपल्यामुळे कुणी खोळंबलं आहे या कल्पनेनेच त्यांच्या तळहाताला घाम सुटे. ते समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. आणि तिथे बँकवाले काका उभे होते.

बँकवाले काका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले होते, आणि तेव्हापासून गल्लीच मॅनेज करत होते. कुणाच्या टाकीत किती पाणी ठेवावं, कुणाच्या मुलीने काय शिकावं, कुणी कुठल्या कुशीवर झोपावं, सगळ्याला त्यांच्याकडे मत तयार असे. त्यांनी ग्रंथपालांच्या हातातला कागद घेतला, वरून खाली एक नजर टाकली आणि म्हणाले, सुटसुटीत आहे, एक प्रत मला ठेवा, नमुना म्हणून. ग्रंथपालांना भरून आलं. त्यांचं लिखाण कुणी मागून नेण्याची ही पहिलीच वेळ होती.

पुढचे काही दिवस ते जमिनीपासून वीतभर वरून चालत होते. गल्लीतली माणसं त्यांना थांबवून सांगत होती की तुमचा अर्ज छान झालाय, आम्हीही दिला. समोरच्या मावशींनी दिला. व्यायामशाळेच्या मास्तरांनी दिला. इस्त्रीवाल्याने दिला. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनीही दिला. आपल्या विचाराला एवढे लोक मिळाले, हे बघून ग्रंथपालांना प्रथमच वाटलं की आपण कदाचित नेते झालो असतो.

गोम अशी होती की बँकवाल्या काकांनी नमुन्यातलं एक अक्षरही न बदलता त्याच्या प्रती काढल्या होत्या आणि घरोघर जाऊन खाली सह्या घेतल्या होत्या. काकांचा सिद्धांत होता की सरकारी कचेरीत अर्ज वाचत नाहीत, मोजतात. साऱ्या नोकरीत त्यांनी स्वतः तेच केलं होतं.

पण कर विभागात एक नवा अधिकारी आला होता आणि त्याला वाचायची सवय होती. त्याने गठ्ठा सोडला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला. त्याला दिसलं ते असं: या एका गल्लीतल्या झाडून सगळ्या घरांना वरचा मजला आहे. प्रत्येक वरच्या मजल्यावर पुस्तकांची स्वतंत्र खोली आहे. यातली एक सोडली तर बाकी कुठलीच खोली नगरपालिकेच्या नोंदीत नाही. आणि प्रत्येक घरातली पत्नी ती भाड्याने देण्याच्या बेतात आहे. म्हणजे अघोषित बांधकाम आणि त्यातून होऊ घातलेलं उत्पन्न. त्याने मोजणीदार पाठवून तपासणी करायचा हुकूम काढला.

गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे नळाचं आधीच पळालं होतं, आता तोंडचंही पळालं. समोरच्या मावशींचं घर बैठं होतं, आणि त्या विधवा होत्या. "माझी पत्नी" म्हणून सही करताना मी वाचलं नव्हतं हो, असं त्या दारात उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या. व्यायामशाळेचे मास्तर जन्माचे ब्रह्मचारी. त्यांनी लेखी पत्नी कबूल केली आहे ही बातमी फुटल्यावर त्यांच्याकडे बघण्याची गल्लीची नजरच बदलली, आणि दोन घरांतून आडून आडून विचारणा झाली की वहिनी कुठल्या?

या सगळ्याचा दोष कुणावर आला, हे सुज्ञांस सांगायला नको. बैठक भरली आणि बँकवाले काका ग्रंथपालांना म्हणाले, "अहो, अर्ज लिहिताना माणसानं चार लोकांचा विचार करावा. सगळ्यांना बसेल असं लिहायचं सोडून तुम्ही स्वतःचंच लिहीत बसलात."

ग्रंथपालांना यावर एक समर्पक उत्तर सुचलं. ते सुचलं तेव्हा ते घरी पोचून चपला काढत होते.

काकांनी आता दुसरा सिद्धांत मांडला. हरकतीत खोटी माहिती आढळली तर हरकत रद्द होते आणि वर दंड बसतो. तेव्हा हरकत खोटी ठरता कामा नये. वरचा मजला आणायला वेळ नव्हता, पण पुस्तकांची खोली घरोघर दाखवता येण्यासारखी होती. एका खोलीत पुस्तकं मांडायची आणि मोजणीदाराला सांगायचं की लिहिण्यात मजल्याचा घोटाळा झाला. प्रश्न एवढाच होता की इतकी पुस्तकं आणायची कुठून? असं म्हणून काकांनी दाराजवळ पाहिलं. दाराजवळ ग्रंथपाल बसले होते.

नाही म्हणणं ही कला त्यांना कधीच साधली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून जिन्यावर माणसांची ये-जा सुरू झाली. पण ग्रंथपाल ते ग्रंथपालच. त्यांनी जिन्याच्या तोंडाशी टेबल मांडलं आणि प्रत्येक पुस्तक रीतसर चिठ्ठी करून, परतीची तारीख सांगून दिलं. इस्त्रीवाल्याला त्यांनी विचारलं, तुम्हाला कशात रस आहे? तो म्हणाला, जाड असेल ते द्या. डॉक्टरीणबाईंनी पडद्याला शोभतील अशी निळ्या पाठीची मागितली. मास्तर "वहिनींनाही आवडेल असं" पुस्तक मागत आहेत असा टोमणा रांगेतून आला, आणि मास्तरांनी कुणाकडेही न बघता मधमाश्यांवरचा एक भला थोरला ग्रंथ उचलला.

मोजणीदार फीत घेऊन आला. पुस्तकं पुष्कळ होती तरी घरं त्याहून पुष्कळ निघाली. त्यामुळे मोजणीदार पुढच्या दाराने बाहेर पडला की मागच्या भिंतीवरून पुस्तकं पुढच्या घरात जात. इस्त्रीवाला ती गठ्ठ्यांनी झेली, सवयीने झटकून घडीसारखी रची आणि पलीकडे देई. मधमाश्यांचा ग्रंथ मोजणीदाराला घरोघर भेटला. शेवटी तो चहाचा कप खाली ठेवत म्हणाला की या गल्लीला मधाचा फारच शौक दिसतो. मावशींनी गंभीरपणे सांगितलं, हो, आम्ही सगळेच मधमाश्या पाळायचा विचार करतोय.

मोजणीदार खूश होऊन गेला, आणि त्याने अहवालात तसं लिहिलं. या वस्तीतील घराघरात वाचनाची स्वतंत्र व्यवस्था असून रहिवासी सुसंस्कृत व सुस्थितीतील आहेत. नगरपालिकेत सुस्थितीतल्या लोकांसाठी घरपट्टीचा वेगळा, वरचा दर होता. गल्ली त्या दरात जाऊन बसली. आधी दुपटीच्या वर जाणारी घरपट्टी आता तिपटीला टेकली.

त्या दिवशी ग्रंथपाल जिना चढून वर गेले. खोली रिकामी होती. पुस्तकं अजून गल्लीत विखुरलेली होती आणि इतक्या वर्षांनी भिंती दिसत होत्या. त्या पिवळट होत्या, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मागून बाई आल्या. त्यांच्याबरोबर घरं भाड्याने लावून देणारा दलाल होता. तो खोलीच्या मध्यभागी उभा राहून एकदा गोल फिरला, खिडकी उघडून बघितली, आणि मोकळी खोली दाखवायला बरी पडते, असं म्हणाला. त्याच्याकडे एक गिऱ्हाईक तयारच होतं.

"सुनावणी परवा आहे," ग्रंथपाल म्हणाले. इतक्या हळू, की दलालाने काय, काय म्हणून दोनदा विचारलं.

बाईंनी ऐकलं होतं. "परवापर्यंत थांबा," त्या दलालाला म्हणाल्या. "मी शब्द दिलाय."

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. व्यासपीठावर मुख्य अधिकारी, त्यांच्या दोन्ही बाजूंना समितीचे सभासद, आणि कोपऱ्यात तो वाचणारा अधिकारी बसला होता. एका बाजूला बिल्डर मंडळी बसली होती. त्यांच्या पुढे त्यांचा सल्लागार होता आणि त्याच्या बुटांत छताचे दिवे दिसत होते. दुसऱ्या बाजूला गल्ली होती, दुर्मुखलेली.

प्रत्येक हरकतदाराला पाच मिनिटं, असा नियम होता. सल्लागाराने सुरुवातीलाच उठून अदबीने सुचवलं की या गल्लीचे अर्ज शब्दशः एकच आहेत. ते एकत्र करावेत आणि पहिल्या अर्जदारानेच बोलावं, म्हणजे सर्वांचा वेळ वाचेल. मुख्य अधिकाऱ्यांना ते पटलं. पहिला अर्ज ग्रंथपालांचा होता.

तेवढ्यात बँकवाले काका उठले. आजवर त्यांच्या सल्ल्याने गल्लीचं वाटोळंच झालं होतं, पण नियम म्हटला की त्यांच्या अंगात वारं संचारे. अर्ज एकत्र केले तर हरकत नाही, ते म्हणाले, पण हरकतदाराची पाच मिनिटं हा त्याचा हक्क आहे. तो कुणाला काढून घेता येत नाही. तेव्हा अर्ज एकत्र तर मिनिटंही एकत्र. मुख्य अधिकाऱ्यांनी नियमावली मागवली, वाचली, शेजारच्याला दाखवली. तसंच होतं. सल्लागाराला स्वतःची पाच मिनिटं मिळाली, आणि जन्मात कधी सभेत न बोललेल्या ग्रंथपालांना अख्खी दुपार मिळाली.

सल्लागार आधी बोलला. पडद्यावर चित्रं दाखवत तो म्हणाला की गाव वाढतंय ते सगळ्यांसाठी, तर भारही सगळ्यांनी उचलावा. विकास शुल्क वाढवलं तर बिल्डर ते घराच्या किमतीत घालणार, आणि नव्याने संसार मांडणाऱ्या जोडप्याला घर परवडणार नाही. पडद्यावर एक जोडपं आलं. ते फार उदास दिसत होतं.

मग ग्रंथपाल ध्वनिक्षेपकापुढे जाऊन उभे राहिले. ग्रंथालयात जन्म गेल्यामुळे त्यांचा आवाज कुजबुजण्यापलीकडे जात नसे. पहिलं वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही. मागून कुणी मोठ्याने बोला म्हणालं. त्यांनी प्रयत्न केला, तसा आवाज आणखीच हळू झाला. तेव्हा ऐकण्यासाठी सभागृहच गप्प झालं. खुर्च्या करकरायच्या थांबल्या. आणि त्या शांततेत ग्रंथपालांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

"यांचं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले.

गल्लीतून एक सामुदायिक उसासा उमटला. काकांनी कपाळावर हात मारला.

पण कोपऱ्यातला अधिकारी पुढे झाला. त्याला आधी एक खुलासा हवा होता. या सगळ्या घरांतल्या पुस्तकांच्या खोल्यांचं काय? मोजणीदाराला म्हणे प्रत्येक घरात मधमाश्यांवरचं तेच एक पुस्तक दिसलं.

ग्रंथपालांनी गल्लीकडे पाहिलं. गल्लीने जमिनीकडे पाहिलं. शेवटच्या ओळीत त्यांना बाई दिसल्या. त्या सुनावणीला येणार आहेत हे त्यांना माहीत नव्हतं.

"पुस्तकं माझी आहेत," ते म्हणाले. "सगळीच. खोली एक आहे, पत्नी एक आहे. दोन्ही माझ्याच. पण घरपट्टी प्रत्येकाची आहे, साहेब. सह्या त्यासाठी आहेत."

मग समितीतली एक बाई फसकन हसली, आणि पाठोपाठ सगळं सभागृह हसलं. मास्तर सर्वांत मोठ्याने हसले. त्यांच्या लग्नाचा डाग त्या एका वाक्याने पुसला गेला होता. मुख्य अधिकाऱ्यांनी टेबलावर हात आपटला खरा, पण हसू आवरायला त्यांनी रुमाल तोंडाशी नेलेला सगळ्यांनी पाहिला. वरचा दर तिथल्या तिथे रद्द झाला, आणि दंडाचं नाव कुणी काढलं नाही.

"आता मूळ मुद्द्यावर या," ते म्हणाले.

ग्रंथपाल मूळ मुद्द्यावर आले, पण आपल्या वाटेने. त्यांनी त्यांच्या ग्रंथालयातल्या खुर्च्यांची हकिकत सांगितली. एका वर्षी वाचक एकदम वाढले. बसायला जागा पुरेना. समितीने नव्या खुर्च्यांसाठी सगळ्यांची वर्गणी वाढवली. तेव्हा जुने वाचक, जे वर्षानुवर्षं आपापल्या खुर्चीवर बसत होते, एकेक करून यायचे बंद झाले. वर्गणीदार कमी झाले म्हणून वर्गणी पुन्हा वाढवली. शेवटी खुर्च्या भरपूर झाल्या आणि वाचक राहिले नाहीत. मग वर्गणी पहिल्यासारखी केली आणि नवी रीत घातली. नव्याने येणाऱ्याने एकदाच एका खुर्चीचे पैसे द्यायचे. ज्याला एकदम जमत नसेल त्याने हप्त्याने द्यायचे. आणि जुन्या खुर्चीचा पाय मोडला, तर दुरुस्ती सगळ्यांच्या वर्गणीतून. कारण तो पाय सगळ्यांनी मिळून मोडलेला असतो.

"पाइपाचंही तसंच आहे," ते म्हणाले. "नवी जलवाहिनी ही नवी खुर्ची. ती नव्या इमारतींनी आणावी. पण आमच्या गल्लीतला जुना पाइप गळतो, तो आम्हीच झिजवलाय. त्याच्या दुरुस्तीपुरती घरपट्टी वाढवा. आम्ही देऊ."

गल्ली चपापली. आपल्या माणसाने आपणहून वाढ कबूल करावी, याला काय म्हणायचं? पण काकांनी मान वर केली होती. समितीचे सभासद पहिल्यांदाच लिहून घेत होते. जो माणूस स्वतःचा वाटा आधी मोजून पुढे सरकवतो, त्याच्याशी भांडायचं कसं, हे सल्लागाराला कुणी शिकवलं नव्हतं.

तरी तो उठला. त्या गरीब जोडप्याचं काय, त्याने विचारलं. ग्रंथपाल म्हणाले, त्यांची मलाही काळजी वाटते. म्हणून शुल्क इमारतीला सरसकट नको. ज्या घराला जितकं पाणी लागणार, तितकं त्याचं शुल्क. एका न्हाणीघराच्या घराला थोडं, चार न्हाणीघरांच्या घराला जास्त. आणि मग, खरोखरच जाणून घ्यायच्या इच्छेने, त्यांनी सल्लागाराला विचारलं, "तुमच्या चित्रात गच्चीवर पोहायचा तलाव आहे. त्यात त्या जोडप्याचं पाणी किती?"

सल्लागाराने बिल्डरांकडे पाहिलं. बिल्डरांनी चित्राकडे पाहिलं. जोडपं अजून उदासच होतं, पण आता त्यांच्या डोक्यावरचा निळा तलाव सगळ्यांना दिसत होता. मुख्य अधिकाऱ्यांनी पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता. त्यांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई म्हणाला, साहेब, सकाळपासून नळच आला नाही.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण ग्रंथपालांना थांबता येईना. सगळं आयुष्य ते इतरांना गप्प बसवत आले होते, आणि आज इतकी गप्प बसलेली माणसं त्यांच्यासमोर होती. त्यांनी पहिल्या खर्ड्यातला प्राचीन काळ काढला. कुठल्याशा देशात खिडक्यांवर कर बसला तेव्हा लोकांनी खिडक्या बुजवल्या आणि अंधारात राहिले, हे सांगितलं. त्यावरून ते खिडक्यांच्या काचांवर गेले, काचांवरून वाळूवर, वाळूवरून नद्यांवर. समितीच्या जेवणाची वेळ झाली. मग ती टळली. मुख्य अधिकाऱ्यांनी हळूच विचारलं, अजून वेळ किती आहे यांना? बँकवाले काका उठून म्हणाले, साहेब, आत्ताशी इस्त्रीवाल्याची मिनिटं संपताहेत. मावशींची सुरूच व्हायचीत.

समिती एकमेकांच्या कानाला लागली. ग्रंथपाल नदीकाठच्या पहिल्या शहरापर्यंत पोचतात तोच मुख्य अधिकारी उभे राहिले आणि त्यांनी निर्णय वाचून दाखवला. विकास शुल्क वाढेल, पण टप्प्याटप्प्याने आणि पाण्याच्या वापराप्रमाणे, लहान घरांना कमी. नवी जलवाहिनी, टाकी आणि रस्ता त्यातून होईल. घरपट्टी जुन्या पाइपांच्या दुरुस्तीपुरती वाढेल. ती इतकी थोडी होती की बाईंनी शेवटच्या ओळीत बसल्या बसल्या बोटांवर मोजली आणि दुसऱ्या हाताची गरज पडली नाही.

गल्लीने ग्रंथपालांना खांद्यावर घ्यायचं ठरवलं. मास्तरांनी घेतलंही. वरून ते सगळ्यांना, सावकाश, सावकाश, असं सांगत होते, पण ते ऐकायला आता कुणी गप्प नव्हतं. काका पुढे चालत भेटेल त्याला सांगत होते की अर्ज असाच लिहावा लागतो, स्वतःचं खरं तेवढंच, मी तेव्हाच ओळखलं होतं. आणि कर विभागातला तो वाचणारा अधिकारी दारात ग्रंथपालांना अडवून संकोचाने म्हणाला की मधमाश्यांचं पुस्तक मोकळं झालं तर मला मिळेल का?

पुस्तकं हळूहळू परत आली. इस्त्रीवाल्याची कडक घडीत आली. मावशी दोन परत देऊन चार घेऊन गेल्या. मास्तरांनी मुदत वाढवून मागितली, आणि मधमाश्यांच्या राणीविषयी त्यांना काही शंका होत्या, त्या विचारायला ते जिना चढून वर आले. खोलीत माणसांचा राबता सुरू झाला. ग्रंथपालांना एकांत मिळेनासा झाला आणि ते त्याबद्दल मनापासून कुरकुर करू लागले. एवढं सुख त्यांना आजवर मिळालं नव्हतं.

महिना उलटला आणि एका सकाळी दलाल आला. बरोबर गिऱ्हाईक होतं, नीटनेटका, सरळ माणूस, हातात आगाऊ भाड्याचं पाकीट. भाडं दलालाने आधी सांगितलं होतं त्याहून चांगलं होतं. ग्रंथपाल वरच्या खिडकीशी होते. त्यांना सगळं ऐकू आलं आणि हातातलं पुस्तक कुठल्या फळीवर ठेवायचं ते त्यांना आठवेना. सुनावणी जिंकली तरी पैसा हा पैसाच. बाई हिशेबी होत्या आणि त्यांचा हिशेब कधी चुकत नसे.

खाली बाईंनी पदराला हात पुसले.

"माफ करा हं, तुम्हाला फेरा पडला," बाई म्हणाल्या. "पण ती खोली रिकामी नाही. तिथं माणूस राहतो."